कणगी, रांजण आणि बरणी

मृगाचा पाऊस लागला की डहाणू-तलासरीकडच्या स्वयंपाकघरांत मिठाला पाणी सुटतं. गूळ पाझरू लागतो, पापड मऊ पडतात, घोलवडच्या चिकूच्या वाळवलेल्या चकत्या डब्यातच एकमेकींना चिकटून बसतात. यामागे एक साधा आकडा आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून घेतं आणि त्याच पाण्यात विरघळू लागतं. समुद्र जवळ असलेल्या कोसबाडच्या टेकडीवर पावसाळ्यात हवा या आकड्याच्या वरच असते. म्हणून इथे साठवण म्हणजे हवेतल्या पाण्याशी चार महिने द्यायची झुंज.

ही झुंज सगळ्या पदार्थांसाठी सारखी नसते. भाताला थोडी हवा लागते. पिण्याच्या पाण्याला भांड्यातून झिरपू दिलं तरच ते गार होतं. मिठाला आणि लोणच्याला मात्र बाहेरची हवा मुळीच लागू द्यायची नाही. या तीन गरजांसाठी माणसाने मातीचीच तीन वेगवेगळी भांडी केली. शेणामातीने लिंपलेली कणगी, भाजलेल्या मातीचा रांजण आणि चकाकीचा लेप चढवलेली चिनी मातीची बरणी. तिन्हींचा आधार माती. फरक आहे तो तिला किती आच मिळाली आणि तिच्यावर कसली कातडी चढली याचा. कुठलं भांडं चांगलं, असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. कशासाठी चांगलं, हे विचारलं की उत्तर सापडतं.

भट्टी न पाहिलेलं भांडं

वारली घरातली कणगी बांबूच्या कामट्यांनी विणलेली असते. आतून-बाहेरून शेण आणि माती लिंपायची, जमिनीची ओल लागू नये म्हणून तिला दगडांवर किंवा लाकडांवर उभी करायची, आत भात भरायचं आणि तोंड झाकायचं. घराच्या कुडाची आणि कणगीची बांधणी एकाच जातीची आहे. कामट्या किंवा कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमाती. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेलेली वारली चित्रकला अशाच लिंपलेल्या कुडावर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांनी जन्मली. धान्याची देवता कणसरी हे या समाजाचं मोठं दैवत आहे. तेव्हा धान्य ठेवण्याची जागा ही या घरात केवळ अडगळीची जागा नसते.

कणगी भाजत नाहीत, आणि ते योग्यच आहे. भाताचा दाणा सुकल्यावरही जिवंत असतो आणि अगदी मंद गतीने श्वास घेत असतो. त्यातून थोडी ऊब आणि थोडी ओल सुटते. दाण्यातला ओलावा 14 टक्क्यांच्या खाली असेल तर ही क्रिया नगण्य राहते. ओलावा वाढला की ती वेग घेते, ढीग आतून तापतो आणि बुरशी धरते. हेच भात पत्र्याच्या पिंपात गच्च बंद केलं, आणि ते पुरतं वाळलेलं नसलं, तर रात्री पत्रा गार पडल्यावर आतल्या अंगाला पाण्याचे थेंब धरतात आणि कडेचे दाणे आधी कुजतात. शेणामातीचा लेप अशी जास्तीची ओल शोषून घेतो आणि हवा कोरडी झाली की परत बाहेर सोडतो. बंद भांड्यात जे पाणी दाण्यावर पडलं असतं, ते इथे भिंतीत मुरतं. दरवर्षी नवं भात भरण्याआधी कणगी पुन्हा लिंपतात, तेव्हा जुन्या भेगांत दडलेले किडेही बुजवले जातात.

ही रीत किती जुनी आहे, याचा पुरावा पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी, इनामगावला मिळाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या घरांत मातीचे गोल ओटे सापडले. आजच्या खेड्यांतल्या कणग्या पाहूनच अभ्यासकांना उमगलं की हे ओटे कणग्या ठेवण्यासाठी होते. शेजारी चुन्याने लिंपलेली पेवं होती, आणि मोठे रांजण डगमगू नयेत म्हणून मांडलेले चपटे दगडही होते. त्या समाजाने साठवणीच्या भांड्याला आणखी एक काम दिलं होतं. तान्ही मुलं दगावली की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत त्यांना निजवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. एका प्रौढ पुरुषाला तर चार पायांच्या मोठ्या रांजणात बसत्या स्थितीत पुरलेलं आढळलं. ज्या भांड्यात उद्याचं अन्न सुरक्षित राहतं, त्याच भांड्यावर त्यांनी आपल्या माणसांच्या बाबतीतही विश्वास टाकला होता.

झिरपणारं भांडं

कुंभाराचा आवा साधारण 600 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. मातीत दोन प्रकारचं पाणी असतं. एक आपण मळताना घातलेलं, ते उन्हात आणि शेकोटीत उडून जातं. दुसरं मातीच्या कणांच्या रचनेतच बांधलेलं. साधारण 450 ते 600 अंशांदरम्यान तेही निघून जातं, आणि त्यानंतर माती कितीही भिजवली तरी पुन्हा चिखल होत नाही. मडकं 'पक्कं' झालं म्हणतात ते इथे.

पण या तापमानाला मातीचे कण एकमेकांना फक्त टेकतात, वितळून एक होत नाहीत. मधे असंख्य बारीक छिद्रं उरतात. असं भांडं स्वतःच्या वजनाच्या दहा टक्के किंवा त्याहूनही जास्त पाणी पिऊ शकतं. माठातलं पाणी गार होतं ते यामुळेच. छिद्रांतून झिरपलेलं पाणी बाहेरच्या अंगावर येऊन उडतं आणि दर ग्रॅममागे सुमारे 580 कॅलरी उष्णता ओढून नेतं. हवा कोरडी तितका गारवा जास्त. कोसबाडला मे महिन्यात विदर्भाइतकं गार पाणी मिळत नाही, कारण इथली हवा आधीच ओली असते. बाजारातला चकचकीत रंग दिलेला माठ कुठेही ठेवा, पाणी तेवढं गार करणार नाही. रंगाने छिद्रं बुजतात.

जुन्या घरांत कोपऱ्यात उतरंड असे. खाली मोठा डेरा, त्यावर त्याहून लहान मडकं, मग आणखी लहान, असं करत वरच्या गाडग्यापर्यंत. प्रत्येक भांडं खालच्याचं झाकण. डाळी, कडधान्यं, बियाणं यांची सोय कमी जागेत व्हायची आणि घुशी-उंदरांना चढायला आधार मिळायचा नाही. कडधान्यात राख मिसळून ठेवायची पद्धत याच उतरंडीची सोबती. बारीक राख दाण्यांमधल्या फटी भरते, किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते आणि त्याच्या शरीरातलं पाणी निघून जातं.

मिठाची आणि आंबटाची कसोटी

साध्या मडक्यात मीठ भरून ठेवा आणि एक पावसाळा जाऊ द्या. मिठाला सुटलेलं पाणी छिद्रांत शिरतं, भिंतीतून प्रवास करत बाहेर येतं आणि हवा कोरडी झाली की तिथेच त्याचे खडे धरतात. छिद्रात वाढणारा खडा मातीला आतून रेटतो. आधी बाहेरून पांढरी खार फुटते, मग पापुद्रे सुटतात, शेवटी बोट लावलं तर भुगा पडतो. आपल्या भागातले जुने किल्ले आणि चर्च यांच्या विटा-दगडांचीही समुद्रकाठी याच क्रियेने झीज होते.

लोणच्याचं त्याहून कठीण. कैरीचं आम्ल, भरपूर मीठ, मोहरी आणि तेल, हे सगळं एकाच जागी वर्षभर राहणार. पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यात आंबट कळकतं, म्हणजे धातूचे क्षार पदार्थात उतरतात. ते टाळायला कथलाची कल्हई करत, पण कल्हई झिजते. लोखंड गंजतं. साधं मडकं तेल पितं, आणि आत मुरलेलं ते तेल पुढे खवट होऊन नव्या लोणच्याला वास लावतं. हवं होतं ते असं भांडं जे काही घेणार नाही, काही देणार नाही आणि उजेडही आत येऊ देणार नाही, कारण उजेडाने तेल लवकर खवटतं. चिनी मातीची बरणी या सगळ्या अटी पुऱ्या करते.

आपल्या बायकांनी तिच्याभोवती बसवलेली रीतही तितकीच काटेकोर आहे. बरणी धुऊन उन्हात कडकडीत वाळवायची, कारण पाण्याचा एक थेंब त्या जागी मीठ पातळ करतो आणि बुरशीला जागा देतो. फोडी खारवून त्यांचं पाणी सुटू द्यायचं. तेल तापवून पूर्ण गार करायचं आणि फोडींच्या वर चांगलं बोटभर येईल इतकं ओतायचं, म्हणजे हवा पोचत नाही. मग झाकण लावून वर स्वच्छ फडक्याचा दादरा बांधायचा. मुरताना सुटणारा वायू त्यातून निघून जातो, धूळ आणि मुंग्या आत येत नाहीत. कैरीचं आम्ल आणि मीठ एकत्र आले की अन्न नासवणारे बहुतेक जिवाणू तग धरत नाहीत. यात कुठलीही पायरी उगाच आलेली नाही.

बाराशे अंश

मडक्यापासून बरणीपर्यंतचं अंतर तीनचारशे अंशांचं आहे. मातीत फेल्डस्पार नावाचं खनिज मिसळून भट्टी 1200 ते 1300 अंशांपर्यंत नेली की फेल्डस्पार वितळतो, काचेसारखा होऊन छिद्रांत शिरतो आणि गार होताना कणांना एकजीव करतो. अशा भांड्याच्या उघड्या अंगावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो तसाच बसून राहतो. छिद्रं भरली की भांडं आकसतं. सुकताना आणि भाजताना मिळून बारा टक्के आकसणारी माती असेल, तर चाकावर 30 सेंटिमीटर उंच उचललेली बरणी भट्टीतून 26 सेंटिमीटरच्या आसपास होऊन निघते. झाकण आणि तोंड नेमकं बसायला हवं असेल तर दोन्ही एकाच मातीची, एकाच दिवशी आणि एकत्र भाजलेली असावी लागतात.

डहाणूच्या बाजूला अशी बरणी स्थानिक मातीतून का झाली नाही, याचं उत्तर इथल्या खडकात आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट झिजून झालेल्या मातीत लोह भरपूर असतं आणि लोह मातीचा वितळबिंदू खाली आणतं. आव्याच्या आचेला ती छान लाल भाजते, पण बाराशे अंशांवर फुगते, वाकते, बसते. काळी माती तर सुकतानाच तडकते, म्हणून कुंभार तिच्यात गाळ, राख, लीद किंवा वाळू मिसळतात. बरणीला लागते ती पांढरी, लोह कमी असलेली माती. महाराष्ट्रात ती सिंधुदुर्ग आणि चंद्रपूरकडे मिळते.

वरच्या चकाकीचा इतिहासही उद्बोधक आहे. ऱ्हाईन नदीकाठच्या जर्मन कुंभारांनी पंधराव्या शतकात लालबुंद भट्टीत मीठ टाकायला सुरुवात केली. मिठाची वाफ होते, त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी जुळतं आणि भांड्यावर पातळ काच चढते. तिचा पोत संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत असतो. ज्या मिठाने साधं मडकं पोखरलं, त्याच मिठाने तापमान बदलल्यावर भांड्याला कवच दिलं. मात्र या भट्टीतून हायड्रोक्लोरिक आम्लाचे धूर निघतात. पुढे 1835 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या विल्यम पॉवेल यांनी मीठ न वापरता, लेपात बुडवून भाजण्याची रीत बसवली. आपल्या घरांतली वरून तपकिरी आणि खालून मोतिया बरणी त्याच परंपरेतली. वरचा भाग एका लेपात बुडवलेला, खालचा दुसऱ्यात. तपकिरी रंग लोहाच्या ऑक्साइडचा.

समुद्रावरून आलेल्या बरण्या

अशी भांडी इथे घडली नाहीत, तरी ती या किनाऱ्याला अपरिचित नव्हती. घोलवडहून रेल्वेने उत्तरेला निघालं की महाराष्ट्राची हद्द ओलांडताच उंबरगाव लागतं आणि पुढे संजाण. पारशी समाजाच्या परंपरेत पहिल्या वस्तीचा मान असलेल्या या गावात 2002 ते 2004 या काळात उत्खनन झालं. त्यात पश्चिम आशियातून आलेल्या नीलहरित चकाकीच्या भांड्यांची आणि चिनी भांड्यांची खापरं मिळाली. सोबत लांबट, टोकदार बुडाच्या, कान नसलेल्या कुंभांचे तुकडेही निघाले. हे कुंभ चकाकीचे नव्हते. गळू नयेत म्हणून त्यांना आतून डांबर फासलेलं असे. जहाजाच्या पोटात ते एकमेकांना टेकून उभे राहत. छिद्रं बुजवण्याचा प्रश्न तोच, उत्तर मात्र खनिज तेलाच्या प्रदेशातलं.

त्या काळच्या संजाणची माहिती डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांतून मिळते. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या शके 848 म्हणजे इसवी सन 926 च्या ताम्रपटानुसार संजाणचा कारभार मुहम्मद सुगतिप या अरब अधिकाऱ्याकडे होता. तिथल्या अन्नछत्रात साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे, अशी नोंद त्यात आहे. रोज येणाऱ्या परक्यांना जेवू घालायचं तर भात आणि तूप बेगमीलाच असावं लागतं. तेव्हा डांबर फासलेले परदेशी कुंभ आणि धान्याची स्थानिक कोठारं यांची गाठ या किनाऱ्यावर हजार वर्षांपूर्वीच पडली होती.

पुढच्या शतकांत ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून मोठ्या चकाकीच्या बरण्या हिंदी महासागरभर जाऊ लागल्या. चौदाव्या शतकात इब्न बतूताने मीठ लावलेलं आलं, मिरी, लिंबं आणि आंबे भरलेल्या अशा बरण्यांचा उल्लेख केला आहे. खलाशांचं लोणचं त्यांतून प्रवास करत होतं.

आधुनिक काळात ही बरणी घरोघर पोचवण्यात मराठी माणसाचाही हात आहे. सौराष्ट्रातल्या थानगढला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परशुराम गणपुले यांनी मातीची भांडी बनवण्याचा कारखाना उभारला आणि तो परिसर पुढे चिनी मातीच्या उद्योगाचं मोठं केंद्र बनला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने वेगळी वाट धरली. कारखान्यात मजूर म्हणून जाण्याऐवजी गावच्या कुंभारालाच जास्त आचेची भट्टी आणि चकाकीचं तंत्र शिकवायचं, ही त्यांची दिशा. हाताने घडवलेल्या बरणीला आज पुन्हा गिऱ्हाईक मिळतंय, तेव्हा हा मार्ग आठवण्याजोगा आहे.

बरणी पारखताना

हाताने घडवलेली बरणी घेताना आधी ती उलटी करून बूड पाहा. बुडाच्या कडेला लेप नसलेला कोरा भाग दिसेल. वितळलेला लेप भट्टीतल्या फळीला चिकटू नये म्हणून तो पुसून काढलेला असतो. भांड्याची खरी माती इथेच उघडी असते. या जागी पाण्याचा थेंब ठेवा. लगेच शोषला गेला तर आच कमी मिळाली आहे. ती बरणी सुक्या मसाल्याला चालेल, लोणच्याला नको. मग आत हात घालून भिंत चाचपा. बोटांच्या फिरत्या वळ्या लागतील, त्या चाकावरच्या कामाच्या खुणा आहेत आणि त्यांत दोष नाही. पण लेपात टाचणीच्या टोकाएवढी भोकं किंवा केसासारखे तडे असतील तर तिथे तेल आणि मीठ शिरणार. कडेला बोटाच्या पेराने टिचकी मारा. अखंड बरणी खणखणीत वाजते, चीर गेलेली बद्द वाजते.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शिशाचा. कमी आचेवर चकाकी आणायला पूर्वी लेपात शिसं घालत, आणि आंबट पदार्थ ते विरघळवून घेतात. शिसं विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. लिंबाची फोड रात्रभर लेपावर ठेवून पाहावी. तिथे डाग पडला किंवा चकाकी गेली तर ती बरणी खाण्याच्या कामाची नाही. पण डाग पडला नाही म्हणजे शिसं नाहीच, असं समजू नये. खात्री प्रयोगशाळेतच होते. तिथे भांड्यात 4 टक्के अ‍ॅसिटिक आम्ल 24 तास ठेवून उतरलेलं शिसं मोजतात. तेव्हा कुंभाराला सरळ विचारावं, लेपात शिसं आहे का, आणि भट्टी किती अंशांना लावता. आपलं काम जाणणारा कारागीर दोन्हींची उत्तरं न अडखळता देतो. सांगितलेली किंमत जास्त वाटली तर हेही ध्यानात घ्यावं की बाराशे अंशांची आच कित्येक तास टिकवायला लागणारं इंधन आणि भट्टीत फुटणाऱ्या बरण्यांची तूट त्याच किमतीत धरलेली असते.

टेकडीवरचा धडा

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर आलं. मॉन्टेसोरी पद्धतीची महाग साधनं आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती. त्यांनी खडे, शिंपले, बिया, पानं आणि माती यांतूनच साधनं घडवली. मुलाच्या हाताशी जे आहे त्यातूनच शिकणं सुरू होतं, हा त्यांचा आग्रह होता, आणि अंगणवाडीच्या रूपाने तो देशभर गेला.

त्याच आग्रहाने पाहिलं तर कणगी, माठ आणि बरणी या तीन भांड्यांत शाळेचं बरंच विज्ञान भरलेलं आहे. दाण्याचा श्वास, बाष्पीभवन, मिठाचे स्फटिक, आम्ल आणि धातू, वितळणं आणि आकसणं. हे शिकवायला डहाणू-तलासरीच्या शिक्षकाला काहीही विकत आणावं लागणार नाही. एका मडक्यात आणि एका बरणीत मूठमूठ मीठ घालून जूनमध्ये वर्गात ठेवलं, की दिवाळीच्या सुट्टीआधी मुलं आपणच सांगतील, कोणत्या भांड्यात काय ठेवायचं आणि का.